कोळशाची परवानगी आणि वाघाची वाट

हैदराबादहून काझीपेठमार्गे नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. कुणाचे माहेर वर्ध्याला, कुणाचे आजोळ चंद्रपूरला, तर कुणाची सोयरीक थेट अमरावतीला; त्यामुळे लग्नसराईत आणि दिवाळीत या मार्गाने आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आला आहे. रामगुंडम मागे पडले की मंचेरियाल, बेल्लमपल्ली, सिरपूर-कागजनगर अशी स्थानके येतात, वर्धा नदीचा पूल ओलांडला की बल्लारशा आणि पाठोपाठ चंद्रपूर येते. या सगळ्या वाटेवर दोन गोष्टी खिडकीतून सतत दिसत राहतात. एक म्हणजे कोळशाने भरलेल्या मालगाड्या, आणि दुसरी म्हणजे सागाचे रान. या दोन्ही गोष्टी एकाच भूमीवर नांदत आहेत, आणि त्यांच्यात गेली कित्येक वर्षे एक मूक झगडा चालू आहे, हे मात्र खिडकीतून दिसत नाही. त्या झगड्याचा निकाल जंगलात लागत नाही. तो लागतो सरकारी कार्यालयांतील परवानगीच्या कागदांवर. तो कसा लागतो, आणि तो लागत असताना वाघ, अस्वल, रानकुत्रा, गवा यांच्या वतीने कोण बोलतो, याची थोडी हकिकत वाचकांपुढे मांडावी असा आमचा विचार आहे.

भूमीखाली कोळसा, भूमीवर रान

प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत गोंडवन काळातील खडकांचा एक लांबलचक पट्टा आहे. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा त्यात कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातील चंद्रपूर-वणीच्या खाणी आणि तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणी ही या एकाच पट्ट्याची दोन टोके होत. १८७१ मध्ये भूगर्भशास्त्र खात्याचे डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८६ मध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनीने तो काढण्याचा हक्क मिळविला आणि १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज कंपनी अस्तित्वात आली. त्याच सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वर्धा खोऱ्यातील वरोऱ्याला इंग्रज सरकारने खाण चालविली होती. आज ज्या राजुरा तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, ही गोष्ट आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा चंद्रपूरचा कोळसा हा काही आपल्याला परका विषय नव्हे.

याच पट्ट्याच्या पृष्ठभागावर मध्य भारतातील सर्वांत समृद्ध रानांपैकी एक उभे आहे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र ठरविण्यात आले. प्राणहितेच्या पलीकडे, आपल्या तेलंगणात, कवाल हा व्याघ्र प्रकल्प २०१२ मध्ये घोषित झाला. देशात २००६ च्या गणनेत १४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत हा अंदाज ३६८२ पर्यंत गेला. महाराष्ट्रात तोच आकडा १०३ वरून ४४४ वर गेला, आणि या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा फार मोठा आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण वाढलेले वाघ राहायचे कुठे, हा प्रश्नही त्या अभिमानासोबतच उभा राहतो.

परवानगीच्या पायऱ्या

खाण काढावयाची म्हणजे जमीन खणावयाची, एवढेच सामान्य माणसास ठाऊक असते. वस्तुतः पहिली कुदळ पडण्यापूर्वी कायद्याने अनेक पायऱ्या घालून दिल्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या कटू अनुभवातून घातली गेली आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा ही त्यांची मुळे. वनजमीन खाणीकडे वळवावयाची असेल तर केंद्र सरकारची संमती लागते. ती आधी तत्त्वतः आणि मग अंतिम अशा दोन टप्प्यांनी मिळते, आणि त्यापूर्वी वन सल्लागार समिती त्या प्रस्तावाची छाननी करते.

याशिवाय पर्यावरण मंजुरी निराळी. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रथम प्रकल्पाची वर्गवारी होते. नंतर तज्ज्ञ समिती अभ्यासाच्या अटी ठरवून देते, म्हणजे कशाकशाचा अभ्यास करून अहवाल आणावयाचा ते सांगते. त्यानंतर जनसुनावणी होते आणि शेवटी सर्व कागदांचे मूल्यमापन. व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक कुंपण आहे. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. व्याघ्र प्रकल्प, तसेच एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारे प्रदेश, निसर्गाला न पेलणाऱ्या कामासाठी वापरले जाऊ नयेत हे पाहण्याची जबाबदारी त्या प्राधिकरणावर टाकण्यात आली. सार्वजनिक हितास्तव अपवाद करावयाचाच तर प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आवश्यक ठरली. त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला आणि रानातील गावांच्या ग्रामसभेला आवाज मिळाला.

कागदावर पाहता ही तटबंदी भक्कम वाटते. परंतु तिच्यात काही भेगा आहेत आणि त्या वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली भेग अशी की, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल ज्याला खाण काढावयाची आहे त्यानेच नेमलेला सल्लागार तयार करतो आणि त्याचे शुल्कही तोच देतो. असा अहवाल किती काळजीने लिहिला जाईल याची शाश्वती नसते. २००७ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील एका खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा उतरविलेला आढळला होता, तेव्हा हसावे की रडावे हे कोकणातील माणसांना कळेना.

दुसरी भेग काळाची आहे. अहवालासाठीची निरीक्षणे पुष्कळदा एकाच ऋतूत, तीही पावसाळा वगळून, केली जातात. धूळ आणि पाणी मोजण्यापुरती ही पद्धत कदाचित चालून जाईल. रानातल्या जीवांच्या बाबतीत मात्र ती अपुरी आहे. बेडूक, कीटक, कित्येक पक्षी यांचे जीवन पावसाशीच बांधलेले असते; आणि वाघ कोणत्या महिन्यात कोणता ओढा धरून निघून जाईल याचे पंचांग कोणी छापलेले नाही. तीन महिन्यांच्या पाहणीत जो प्राणी दिसला नाही, तो त्या जागी नाहीच, असे अहवालात नोंदले गेले की पुढच्या सर्व टेबलांवर तेच सत्य होऊन बसते.

तिसरी भेग आम्हांला सर्वांत मोठी वाटते, आणि ती आहे क्रमाची. कोळशाचा पट्टा कोणाला द्यावयाचा हे आधी ठरते. वीजकेंद्राचे करार होतात, कर्जे मंजूर होतात, यंत्रे मागविली जातात. आणि एवढे सारे झाल्यावर विचारले जाते, की बाबांनो, येथे वाघ आहे काय? प्रश्न योग्यच असतो, पण तो विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. सोयरीक ठरवून, पत्रिका वाटून, मांडव घातल्यावर मुला-मुलीची पसंती विचारावी, तशातला हा प्रकार होय.

लोहाऱ्याचे प्रकरण

या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी पाहावयाच्या असतील तर चंद्रपूरजवळच्या लोहाऱ्याकडे वळावे. चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. ताडोबा-अंधारीच्या दक्षिणेकडील रानाशी या परिसराचे रान निगडित आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये केंद्र सरकारने लोहारा येथील कोळशाचे पट्टे अदानी समूहातील वीज कंपनीला दिले. गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे होणाऱ्या वीजकेंद्राला हा कोळसा पुरवावा अशी योजना होती. मे २००८ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अभ्यासाच्या अटीही ठरवून दिल्या. म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत कोणालाही काही वावगे वाटले नव्हते. ताडोबाचा व्याघ्र प्रकल्प तोवर बारा वर्षांहून अधिक जुना झाला होता आणि त्याच्या सीमा सरकारी नकाशावर आखलेल्या होत्या, हे येथे विसरून चालणार नाही.

आक्षेप घेतला तो चंद्रपूरकरांनी. आपल्या शहराची हवा कशी आहे हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक परिसरांची जी यादी प्रसिद्ध केली तीत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. त्याचा प्रदूषण निर्देशांक शंभरापैकी ८३.८८ भरला होता. शहराच्या एका अंगाला महाऔष्णिक वीजकेंद्र, बाजूला दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणी, आणि आता उरलेल्या अंगाचे रानही खाणीत जाणार, हे पाहून गावातील माणसे अस्वस्थ झाली. २००९ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेने उपोषणाचा मार्ग पत्करला. वन्यजीवप्रेमी मंडळींनी निवेदने दिली आणि लोहाऱ्याचे नाव दिल्लीपर्यंत पोहोचले. जयराम रमेश त्या वेळी केंद्रात पर्यावरण खाते पाहत होते. नोव्हेंबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीपुढे हा विषय पुन्हा आला आणि व्याघ्र प्रकल्पाचे सान्निध्य लक्षात घेऊन जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने दिलेल्या अटी परत घेतल्या. लोहाऱ्याची खाण तेथेच थांबली.

वाघाच्या दृष्टीने हा विजय होय, यात शंका नाही. पण आम्हांला या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी वाटते. तिरोड्याचे वीजकेंद्र तर उभे राहावयाचे होते. वीज विकण्याचे करार झालेले होते. हक्काचा कोळसा गेल्यावर तो दुसरीकडून आणावा लागला, आणि त्या जादा खर्चाचा बोजा कोणी उचलावा, कंपनीने की ग्राहकाने, यावर वीज नियामक आयोग आणि न्यायालये यांत वर्षानुवर्षे वाद चालले. २००७ मध्येच कोणी नकाशा उलगडून पाहिला असता तर वाघाला धोका झाला नसता, कंपनीची फसगत झाली नसती आणि वीजग्राहकाच्या माथी वाद आला नसता. वन्यजीवांचा विचार आरंभी करणे ही उद्योगाच्या मार्गातील धोंड आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तसा प्रयत्न एकदा झाला होता. २०१० मध्ये पर्यावरण आणि कोळसा या दोन मंत्रालयांनी नऊ कोळसा क्षेत्रांतील ६०० हून अधिक पट्टे नकाशावर मांडून, जेथे दाट आणि अखंड रान आहे तेथे खाण नकोच, आणि जेथे ते नाही तेथे विचार करता येईल, अशी आधीच विभागणी केली. त्यात वर्धा खोरेही होते. दोनशेहून अधिक पट्टे ‘नको’ या बाजूस पडले. उद्योग आणि अन्य खात्यांनी त्यावर मोठा गहजब केला, मंत्रिगट बसला, आणि अखेर ही विभागणी बासनात गेली. तरीही तिच्यामागील विचार मेला नाही. जून २०२० मध्ये खासगी खाणकामासाठी ४१ पट्ट्यांचा लिलाव जाहीर झाला तेव्हा त्यात चिमूर तालुक्यातील ‘बंदर’ हा ताडोबालगतचा पट्टा होता. महाराष्ट्राचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राकडे त्याविरुद्ध पत्र लिहिले, वन्यजीवप्रेमींनी आवाज उठविला, आणि बंदरचे नाव यादीतून वगळण्यात आले. या वेळी निदान मांडव पडण्यापूर्वी प्रश्न विचारला गेला.

हसदेवचा धडा

सर्वच कथांचा शेवट असा होत नाही. छत्तीसगडच्या उत्तरेस हसदेव अरण्य नावाचे विस्तीर्ण सालवन आहे. हत्तींची ये-जा आणि गोंड, उरांव आदी आदिवासींची वस्ती असलेले हे रान कोळशाच्या मोठ्या साठ्यावर उभे आहे. तेथील परसा पूर्व-केते बासन या खाणीसाठी, म्हणजे राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीसाठी, सुमारे १८९८ हेक्टर वनजमीन हवी होती. जून २०११ मध्ये वन सल्लागार समितीने प्रस्ताव नाकारावा अशी शिफारस केली. त्याच महिन्यात मंत्र्यांनी ती बाजूस सारून तत्त्वतः संमती दिली. ज्या मंत्र्यांच्या काळात लोहारा थांबला त्यांच्याच काळात हसदेव उघडले, ही गोष्ट नोंदविल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती संमती रद्द ठरवून समितीला नव्याने विचार करण्यास सांगितले. त्या रानात संकटग्रस्त जीव आहेत काय, हत्तींचा भ्रमणमार्ग तेथून जातो काय, असे प्रश्न न्यायाधिकरणाने उभे केले. परंतु पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि खाण चालू राहिली. त्या प्रश्नांवरचा भारतीय वन्यजीव संस्थेचा अहवाल उजेडात यावयास २०२१ साल उजाडले. देशातील एक टक्क्याहूनही कमी हत्ती छत्तीसगडात असताना, हत्ती-मानव संघर्षातील देशभरच्या मानवी मृत्यूंपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक मृत्यू तेथे होतात, असे त्या अहवालात नमूद आहे. आणखी खाणी उघडल्यास हा संघर्ष हाताबाहेर जाईल असा इशाराही आहे. उत्तर आले तेव्हा खाणीचा पहिला टप्पा बहुतांशी खणून झाला होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेवचे ग्रामस्थ सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत रायपूरला गेले. त्याच महिन्यात लेमरू हत्ती राखीव क्षेत्राची अधिसूचना निघाली. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधील खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने संमत केला. त्या लढ्यातील आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पारितोषिक मिळाले. इतके होऊनही चालू खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी वृक्षतोड झालीच. अर्थ उघड आहे. जी खाण अद्याप उघडली नाही ती थांबविता येते. जी उघडली ती थांबविणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच परवानगीचा काळ हाच रानाच्या रक्षणाचा खरा काळ होय.

वाघाची वाट

येथे कोणी विचारील, की व्याघ्र प्रकल्प तर राखून ठेवले आहेत. त्याबाहेरच्या रानासाठी एवढा आटापिटा कशाला? याचे उत्तर एका वाघानेच दिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये संदेश देणारा पट्टा बांधण्यात आला होता. जून महिन्यात तो निघाला. महाराष्ट्राचे काही जिल्हे, मग आपल्या तेलंगणाचा आदिलाबादकडील मुलूख, पुन्हा महाराष्ट्र, असे करीत तो १३०० किलोमीटरहून अधिक चालला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. शेतांच्या बांधांवरून, ओढ्यांच्या काठांनी, रस्ते आणि लोहमार्ग ओलांडीत तो गेला. आणि त्याच्या वाटचालीचा मोठा भाग पावसाळ्यातला होता, म्हणजे नेमक्या त्या ऋतूतला, जो अहवालांतून वगळला जातो.

तरुण वाघाला जन्मभूमी सोडावीच लागते. तसे न झाले तर एकाच रानातील वाघांचे आपसांतच संबंध होऊन वंश दुबळा होतो, आणि दाटीवाटीतून झुंजी वाढतात. ताडोबाकडून निघालेल्या वाघांनी प्राणहिता ओलांडून कागजनगरच्या वनात घर केले आहे. २०१५ च्या सुमारास तिकडे गेलेल्या एका वाघिणीची संतती तेथे वाढली. दोन व्याघ्र प्रकल्पांमधील ही अरुंद वाट आणि कोळशाचा पट्टा नकाशावर एकमेकांवर येतात, हीच खरी अडचण.

खुली खाण या वाटेचे काय करते? ती नुसता खड्डा करीत नाही. वरचा मातीचा थर काढून त्याचे डोंगरासारखे ढिगारे रचले जातात. ओढे वळविले जातात. खोल खड्ड्यात झिरपणारे पाणी उपसल्याने भोवतालच्या विहिरी आणि पाणवठे आटतात. सुरुंगांचे हादरे, रात्रभर जळणारे दिवे, अवजड वाहनांची अखंड रांग, यांनी आसपासचे रानही प्राण्यांना नकोसे होते. खाणीच्या हद्दीबाहेर कुंपण नसले तरी प्राण्यांच्या लेखी तेथे भिंत उभी राहते.

यावर उपाय नाहीच असे नव्हे. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या रानातून जातो. न्यायालयीन लढ्यानंतर तेथे वन्यप्राण्यांसाठी महामार्गाखालून जाणाऱ्या नऊ वाटा बांधण्यात आल्या, आणि २०१९ मध्ये बसविलेल्या कॅमेऱ्यांनी वाघांसह अनेक जातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले. परंतु रस्ता उचलून धरता येतो, खाण उचलता येत नाही. कोळसा जेथे आहे तेथेच खणावा लागतो. तेव्हा खाणीच्या बाबतीत पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य जागेची निवड. पाणवठे बांधणे, गावांना गॅसच्या शेगड्या देणे, झाडे लावणे हे नंतरचे. शतकभर जुने मिश्र रान तोडून दुसरीकडे लावलेली रोपे हिशेबात बरोबरी साधतात, रानात साधत नाहीत.

माणसांचे काय?

हा प्रश्न टाळून वन्यजीवांची बाजू मांडणे आम्हांला पटत नाही. चंद्रपूर, वणी, बेल्लमपल्ली येथे खाणीवर पोट असलेली हजारो कुटुंबे आहेत आणि त्यांत आपलेही आप्त आहेत. घरात पंखा फिरतो, दिवा लागतो, त्यामागे पुष्कळ अंशी कोळसाच आहे. दुसरीकडे वाघाच्या शेजारी राहणे म्हणजे काय, हे शहरातील प्राणिप्रेमीला ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा, आणि लागोपाठ दुर्गापूरच्या वस्तीत बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या काटेरी झुडपांत या श्वापदांना लपण्यास जागा मिळते. रान तुटले की वाघ नाहीसा होतो ही समजूत चुकीची आहे. तो वस्तीच्या अधिक जवळ येतो, आणि त्याची किंमत पहाटे पाळीवर जाणारा कामगार व सरपणाला गेलेली बाई देते.

तसेच रक्षणाच्या नावाखाली माणसाला विचारलेच नाही तर काय होते, याचेही उदाहरण आपल्या दाराशी आहे. मे २०२५ मध्ये तेलंगण सरकारने ताडोबा आणि कवाल यांना जोडणारा कुमरम भीम जिल्ह्यातील प्रदेश संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला. हेतू उत्तम होता. परंतु जमीन आणि वनहक्क जातील या भीतीने आदिवासींनी तीव्र विरोध केला आणि जुलैमध्ये सरकारला तो आदेश स्थगित ठेवावा लागला. खाणवाल्यांना जो नियम, तोच वनखात्यालाही हवा: आधी विचारा, मग ठरवा. ग्रामसभेची संमती ही वाघाच्या मार्गातील अडचण नाही. हसदेवमध्ये रानासाठी ३०० किलोमीटर चालले ते ग्रामसभेचेच लोक होते.

वाचकांनी काय करावे?

आपण शहरात राहणारी, नोकरीधंद्याची माणसे. आपल्या हाती काय आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडे निश्चित आहे. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून, आणि त्यांतही एका प्रादेशिक भाषेच्या पत्रातून, द्यावी लागते. प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी यांच्या देखरेखीखाली होते, तिचे चित्रीकरण होते, आणि कोणाही संबंधिताला आपले म्हणणे लेखी पाठविता येते. त्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांच्या जाहिरातीकडे आपण पाहतही नाही. चंद्रपूर, यवतमाळ, आदिलाबाद येथील आपल्या नातलगांना ती पाहण्याची सवय लावावी. मराठी आणि तेलुगू दोन्ही जाणणारी आपली मंडळी अशा सीमाभागात दुभाषाचे मोलाचे काम करू शकतात. सारांश वाचून तो गावात समजावून सांगणे, गावाचे म्हणणे नीट शब्दांत लिहून देणे, हे शिक्षक, वकील, निवृत्त अधिकारी यांना सहज जमण्यासारखे आहे.

विचारावयाचे प्रश्नही फार कठीण नाहीत. पाहणी कोणकोणत्या ऋतूंत केली? जवळचा संरक्षित प्रदेश किती अंतरावर आहे आणि मधल्या रानातून कोणते प्राणी जातात? ओढा वळविल्यावर खालच्या गावांचे आणि पाणवठ्यांचे काय? उपसलेली माती कोठे टाकणार आणि खाण संपल्यावर तो खड्डा कोण बुजविणार? पूर्वीच्या परवानगीतील अटी पाळल्या गेल्या काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अटींच्या पालनाचे अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. ते मागून पाहण्याची तसदी कोणी घेतली की पुष्कळ गोष्टी उजेडात येतात.

लोहाऱ्याला कोळसा आजही जमिनीखाली आहे. तो कोठे पळून गेलेला नाही. उद्या ऊर्जेचे दुसरे मार्ग पुरेसे झाले तर तो तसाच राहील, नाही झाले तर पुढच्या पिढीला त्याचा विचार नव्याने करता येईल. थांबविलेल्या खाणीने असा निवडीचा हक्क शिल्लक ठेवला. तुटलेल्या रानाने आणि बंद झालेल्या वाटेने तो ठेवला नसता. परवानगी देणाऱ्यांनी आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या तुम्हाआम्हा नागरिकांनी कागदावर सही होण्यापूर्वी एवढा एक फरक ध्यानी घेतला, तरी पुष्कळ झाले.